शेत कोणाचे होते?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्याची सुमारे चाळीस एकर जमीन महाराष्ट्रभर गाजली. तीनशे कोटींचे खरेदीखत, बुडालेले मुद्रांक शुल्क, निलंबित अधिकारी, चौकशी समिती. वृत्तपत्रांचे रकाने भरले. खरेदी करणारे कोणत्या नेत्याचे नातलग, यावर चर्चा झडल्या. पण हे शेत मुळात कोणाचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो आम्हालाच विचारावा लागेल.

ही जमीन महार वतनाची. गावाची येसकरकी करायची, सरकारी सांगावे पोहोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची आणि त्या बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा कसायचा, असे हे वतन. बाबासाहेबांनी या वतनातली गुलामी ओळखली. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. १९३९ मध्ये हरेगावला महार वतनदारांची परिषद घेतली. राबणूक जावी, पण जमीन कसणाऱ्याकडेच राहावी, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाचा कायदा आला. वतने खालसा झाली, जमिनी सरकारजमा झाल्या. कब्जेहक्काची रक्कम भरील त्या वतनदाराला जमीन परत मिळणार होती, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर. ज्यांच्या घरात रोजच्या भाकरीची भ्रांत होती, त्यांतल्या कित्येकांनी रक्कम भरली नाही. कित्येकांपर्यंत नोटीसच पोहोचली नाही. मुंढव्याची जमीन सरकारकडे राहिली आणि वनस्पती सर्वेक्षण संस्थेला भाडेपट्ट्याने दिली गेली. वतनदारांचे वारस विखुरले. मग शहर वाढत वेशीपर्यंत आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि कुलमुखत्यारपत्रे घेऊन फिरणाऱ्यांना हे वारस अचूक सापडले! सरकारला जे साठ वर्षांत सापडले नाहीत, ते दलालाला सापडले.

व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. पण व्यवहार रद्द झाला म्हणजे शेत वतनदाराला मिळाले, असे होत नाही. कायद्याच्या कागदावर ते सरकारचेच राहते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ज्या वतनी जमिनी रक्कम न भरल्यामुळे सरकारकडे आहेत, त्यांची जिल्हावार यादी सरकारने जाहीर करावी आणि वारसांना रक्कम भरण्याची नव्याने संधी द्यावी.

आणि दोन शब्द आपल्याच माणसांना. वकिलीच्या टेबलावर आम्ही रोज पाहतो; चार-पाच हजारांसाठी कोऱ्या कागदावर अंगठे उमटतात आणि ते गोळा करणारा पुष्कळदा आपल्यातलाच असतो. बांधवांनो, तहसील कार्यालयात जा. जुना सातबारा, फेरफार आणि वतनाच्या नोंदींच्या नकला काढा. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास हे कागद वाचा. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. आपण निदान सही करण्याआधी कागद वाचायला शिकू या.