दोन टक्क्यांची समाजसेवा

बड्या कंपनीतील चार-पाच वर्षांच्या नोकरीला विटलेला तरुण राजीनामा देतो, ‘विकास’ या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घेतो आणि दोन वर्षांनी एखाद्या स्वयंसेवी संस्थेत कार्यक्रम-व्यवस्थापक म्हणून रुजू होतो. भांडवली वृत्तपत्रे त्याच्या त्यागाचे गोडवे गातात. आपल्या सभासदांच्या घरांतही आज अशी मुले-मुली आहेत. म्हणून या वाटेचा विचार उपहासाने नव्हे, गांभीर्याने केला पाहिजे.

या तरुणाचा असंतोष खरा आहे. दुसऱ्याच्या नफ्यासाठी झिजताना ज्याला आपल्या श्रमाचा अर्थ काय, असा प्रश्न पडतो तो आपला शत्रू नव्हे. प्रश्न एवढाच की, ही वाट त्याला कोठे नेऊन सोडते?

पुष्कळदा ती त्याला मालकाच्याच दुसऱ्या दारात नेऊन सोडते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम ‘सामाजिक दायित्वा’साठी खर्चावी लागते. कित्येक संस्थांचा गाडा याच पैशावर चालतो. परंतु निव्वळ नफा म्हणजे मजुरी चुकती करून उरलेली रक्कम. मजुरी जितकी दाबावी तितका नफा वाढतो आणि त्याबरोबर हे ‘दायित्व’ही वाढते! कंपनीने केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च या दायित्वात धरला जात नाही. पळवाट बुजवणे हा त्या नियमाचा हेतू असेल. तथापि फाटकाबाहेरची शाळा रंगवणारी कंपनी फाटकाच्या आत कंत्राटी कामगाराला काय देते, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही.

१९८४ साली प्रकाश करात यांनी ‘द मार्क्सिस्ट’मध्ये स्वयंसेवी गटांची चिकित्सा केली, तेव्हा मुख्य प्रश्न परदेशी थैलीचा होता. आज देशी मक्तेदारांची थैली तिच्या जोडीला आली आहे. थैली आवळली की काय होते, हे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दिसले. १९३६ साली स्थापन झालेल्या या समाजकार्याच्या आद्य विद्यापीठात जून २०२४ मध्ये, टाटांच्या न्यासाच्या अनुदानाचा प्रश्न उभा राहताच, शंभराहून अधिक शिक्षक व कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा मिळाल्या. गदारोळानंतर त्या मागे घेतल्या गेल्या, पण दोरी कोणाच्या हाती आहे ते उघड झाले.

यावर उत्तर मिळते : “क्रांती होईल तेव्हा होईल, उपाशी मूल आज जेवले पाहिजे.” निश्चितच जेवले पाहिजे! परंतु त्याला रोज जेवू कोण घालते? १९७५ पासून चालत आलेल्या योजनेतील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. त्यांच्या श्रमाला वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या. कुपोषित मुलांचे तक्ते सुबक रंगांत मांडणारे किती व्यवस्थापक त्या मंडपात बसले? बसू शकत नव्हते. कारण अनुदानाचा करार दात्याशी होतो, सेविकेशी नव्हे.

सर्व संस्था एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. काही संस्था आदिवासींचे दावे निष्ठेने लढवतात. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक करून सरकारने आवळलेला फास बोचरे प्रश्न विचारणाऱ्या संस्थांनाच अधिक जाचतो, आणि त्याचा निषेध आपण केलाच पाहिजे.

पण तरुणांना आपण काय देणार? ताळेबंद वाचता येणारा, कंत्राटाच्या खाचाखोचा ओळखणारा माणूस कामगार संघटनेला हवा आहे. त्याने शिकावे, पदवीही घ्यावी. मात्र आपण हिशेब कोणाला देणार, हे आधी ठरवावे. दात्याचा अग्रक्रम बदलला की प्रकल्प गुंडाळला जातो. सभासदांच्या वर्गणीवर उभी असलेली संघटना मात्र त्यांनाच जबाबदार राहते. या तरुणांसाठी आपल्या कचेऱ्यांची दारे उघडी ठेवणे, हे आज प्रत्येक शाखेचे काम आहे.