वाऱ्याच्या थरथरीवर चालणारा सेन्सर घ्यावा का?



मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर सलग पाच दिवस ढगाळ होतं. बागेतल्या हवामान पेटीचं छोटं सोलर पॅनेल कामाचं राहिलं नाही, बॅटरी उतरली. पान किती तास ओलं राहिलं हा आकडा ज्या रात्री पाहिजे होता, त्याच रात्री यायचा बंद झाला. फवारणी दोन दिवस लांबली आणि फुलोऱ्यातल्या घडांवर डाऊनी आला. किती घड गेले ते लिहीत नाही. घरात अजून त्यावर कुणी बोलत नाही.

त्यामुळं "वाऱ्याच्या थरथरीवर चालणारा सेन्सर" म्हणलं की माझे कान टवकारतात. गोष्ट खोटी नाही. ज्वारीत पाखरं हाकायला आपण जुन्या कॅसेटची पट्टी ताणून बांधतो, ती वाऱ्यात घुंऽऽ करते ना? तेच हे. शॉन फ्रेन या अमेरिकन माणसानं अशीच पट्टी ताणली, टोकाजवळ लोहचुंबक लावलं, शेजारी तांब्याच्या तारेची वेटोळी ठेवली. पट्टी थरथरली की चुंबक हलतं आणि वेटोळ्यात वीज तयार होते. हैतीतली रॉकेलच्या दिव्यावरची घरं बघून त्याला हे सुचलं. २००७ मध्ये ते जगापुढं आलं. वीज मिलिवॅटमध्ये, म्हणजे मोबाईलचं नाव काढू नका. पण सेन्सर मधूनच जागा होतो, मोजतो, परत झोपतो. त्याला तेवढी पुरते.

खरी अडचण वेगळीच आहे. वारा निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्श्यावर येते. एका वेगाच्या खाली तर पट्टी थरथरतच नाही. आणि डाऊनीचं भ्या कधी? पाऊस पडून गेलाय, हवा कोंदट, पान हलत नाही, तेव्हा. म्हणजे ढगामुळं सोलर बंद आणि पट्टीही गप्प! त्यात मांडवाखाली वारा कुठला? ती वर खांबालाच बांधावी लागणार.

म्हणून माझं मत, नुसत्या वाऱ्यावरची पेटी द्राक्षाला नको. सोलरला जोड म्हणून चालेल, पावसाळ्यात ऊन नसतं पण वारा असतो, रात्रीचाही असतो. विकायला येईल त्याला विचारा: किती वाऱ्याला थरथर सुरू होते? ऊन-वारा दोन्ही नसताना पेटी किती दिवस चालते? "जोरदार वाऱ्यात" असं सुरू केलं की चहा पाजून वाटेला लावा.

मी तरी यंदा छाटणीआधी पेटीला मोठी बॅटरी बसवून घेतोय.