डब्याची कैफियत

हा लेख एका डब्याच्या बाजूने लिहिला आहे. दिवाळीच्या दिवसांत डबा म्हटला की वाचकांना चकल्या-करंज्या आठवतील. पण माझा डबा वाजणारा आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारी जी यंत्रे असतात, त्यांतल्या लहान, हलक्या, ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या यंत्राला माझ्या भाच्याच्या वाजवणाऱ्या दोस्तांत 'डबा' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना नाक किंचित वर करतात. त्या वर झालेल्या नाकांशी माझे भांडण आहे.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी शाळेत मराठी शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. गिटारची तार कोणत्या बोटाने दाबतात हेही मला ठाऊक नाही. पण ज्याला ही मंडळी 'खरे यंत्र' म्हणतात ते मी माझ्या खांद्यावरून वाहिले आहे, आणि त्यापायी माझ्या बहिणीच्या पाटल्या पतसंस्थेच्या तिजोरीत गेल्या आहेत. एवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

प्रथम प्रकरण समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांच्या घरी एक लाकडी रेडिओ असे. बटण फिरवले की तो लगेच बोलत नसे. आत काचेचे दिवे हळूहळू तांबूस होत, यंत्र तापे, आणि मग कुठे बातम्या सुरू होत. ते दिवे म्हणजे व्हॉल्व्ह. हल्लीची मुले त्यांना 'ट्यूब' म्हणतात. (आमच्या घरी ट्यूब म्हणजे छताला लावायची किंवा मास्तरांनी चारदा समजावल्यावर डोक्यात पेटायची; तेव्हा मी आपला व्हॉल्व्हच म्हणेन.) ध्वनी वाढवणारा असा दिवा १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने बनवला. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या हातून ट्रान्झिस्टर जन्मला. त्याबद्दल तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली ट्रान्झिस्टरचा पहिला रेडिओ अमेरिकेच्या बाजारात आला, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडचा शेतकरीही रेडिओ औताच्या कडेला ठेवून ऐकू लागला. दिवाणखान्यातली वस्तू बांधावर आली. त्या वेळी 'याचा आवाज काही खरा नाही' म्हणून कोणी तो विहिरीत टाकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

रेडिओवाल्यांनी व्हॉल्व्ह सोडला, पण गिटारवाल्यांनी तो उराशी धरून ठेवला. का? त्यांची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, व्हॉल्व्हवर ताण आला की तो हळूहळू वाकतो. त्यामुळे सुराला एक गोड खरखर येते, गाणाऱ्याचा गळा भरून यावा तशी. ट्रान्झिस्टरवर ताण आला की तो ध्वनीचे टोक कात्रीने छाटल्यासारखे छाटतो, आणि ते कानाला बोचते. हे खरे आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतली ट्रान्झिस्टरची कित्येक यंत्रे कर्कश होती आणि भर कार्यक्रमात बंदही पडत, हेही खरे. मात्र मुलीची पत्रिका पाहताना तिच्या आजीची प्रकृती विचारण्यात अर्थ नसतो. त्या यंत्रांना आता पन्नास वर्षे लोटली. मधल्या काळात व्हॉल्व्हचे हे हळूहळू वाकणे मंडलात कसे उतरवावे, हे कारागिरांनी शोधून काढले. शिवाय हल्लीच्या कित्येक डब्यांत एक लहानसा गणक बसलेला असतो आणि तो त्या वाकण्याचे गणित क्षणोक्षणी मांडत राहतो.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. वय बावीस. गिटार चांगली वाजवतो. निदान त्याच्या आईला आणि मला तसे वाटते. लग्नातल्या संगीताला, गणपतीत, गावोगावच्या जत्रांना ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि त्यावर आपला खर्च भागवतो. त्याच्याजवळ असाच एक डबा होता. एका ऑर्केस्ट्राच्या मालकांनी तो पाहिला आणि वाजवून न पाहताच म्हणाले, ''हे खेळणं घरी ठेव. ट्यूबचं मशीन आण, मग बोलू.'' मुलगा हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. ''मामा, तुम्ही सांगा आता. आईकडे विषय काढू का?''

आणि इथे माझी चूक झाली. ती मी छापून कबूल करतो. मी कादंबरीकार! कलेसाठी सर्वस्व पणाला लावणारे नायक रंगवण्यात माझी उमेद गेली. मी बहिणीला म्हणालो, ''ताई, कलेला पैसा लागतोच. पोराचे हात बांधू नकोस.'' (ती माझ्याहून धाकटी, पण घरात सगळे तिला ताईच म्हणतात.) दाजी गप्प बसले. त्या वर्षी कांद्याचे पैसे बियाणे आणि खतांच्या उधारीतच गेले होते. ताईने पाटल्या काढून दिल्या. सोनेतारण कर्ज झाले आणि पुण्याहून एक जुने, परदेशी, व्हॉल्व्हचे यंत्र आले. नवे घ्यायचे तर लाखाच्या पुढे गेले असते.

पहिलाच मोठा कार्यक्रम पाथर्डी तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत होता. यंत्र उचलायला दोन माणसे लागत. म्हणून दुसरा माणूस मी. टेम्पोच्या मागच्या बाजूला गोधडीत गुंडाळून, लेकुरवाळीला न्यावे तसे आम्ही ते नेले. नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट लागतो. त्या वळणांनी, आणि घाटाच्या पुढे गावापर्यंतच्या कच्च्या रस्त्याने, आत काय झाले देव जाणे. रात्री जनरेटर सुरू झाला, व्हॉल्व्ह तांबूस झाले, पोराच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दुसऱ्या गाण्याला यंत्र घुमू लागले, जळका वास आला आणि सगळे शांत झाले. पुढे हजार माणसे, त्यांच्या शिट्ट्या. पोर घामाने थबथबलेले.

त्याच गावच्या बेंजो पार्टीतले एक मास्तर पुढे आले. त्यांनी आपला लहानसा ट्रान्झिस्टरचा डबा एका हातात उचलून आणला, वायर खोचली आणि म्हणाले, ''वाजव बाळा.'' उरलेला सगळा कार्यक्रम त्या डब्यावर झाला. लोक नाचले. आणि वाचकहो, दुसऱ्या दिवशी ते ऑर्केस्ट्राचे मालक काय म्हणाले ठाऊक आहे? ते पहिल्या गाण्यानंतर हिशेबासाठी सरपंचांकडे गेले होते. म्हणाले, ''बघ, ट्यूबचा आवाज शेवटी ट्यूबचा. काल गिटार कशी खणखणीत होती!''

यावर मी आणखी काही लिहिले नाही तरी चालेल. पण एका रात्रीचा दाखला हा पुरावा नव्हे, असे माझा प्रतिपक्ष म्हणेल. तेव्हा मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा, वजनाचा. व्हॉल्व्हचे एक नामांकित अमेरिकन यंत्र, फेंडरचे ट्विन रिव्हर्ब, सुमारे एकोणतीस किलोचे आहे. आजचा पन्नास वॅटचा, बारा इंची कर्णा असलेला चांगला डबा बारा किलोच्या आसपास भरतो. ज्याची गाडी दारात उभी आहे त्याला हा फरक कळणार नाही. माळीवाड्याच्या स्टँडवर रात्री अकराला शेवटच्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला कळतो.

दुसरा, विजेचा. व्हॉल्व्हला आत चारशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो. आमच्या जत्रांतला जनरेटर कधी दम टाकतो, कधी एकदम उसळतो. पावसाळ्यात मांडवाचे खांब ओले असतात. लहान डब्यांतले काही तर साध्या बॅटरीवर चालतात. दिवे गेले तरी भजन थांबत नाही.

तिसरा, दुरुस्तीचा. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. ते दिवस गेले. आता गिटारवाल्यांचे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात रशियाने निर्यात रोखली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ उडाली होती. आमच्या यंत्राला व्हॉल्व्ह हवे होते, ते नगरमध्ये मिळाले नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत शोध गेला. तेही सुटे चालत नाहीत, जोडी जुळवून घ्यावी लागते. मुलीच्या लग्नाला एवढ्या पत्रिका पाहिल्या नव्हत्या! अर्थात इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या यंत्राचा आतला भाग जाणत्या मिस्त्रीला डोळ्यांनी दिसतो आणि डाग देऊन सांधता येतो. गणकवाला डबा बिघडला तर पुष्कळदा अख्खी पाटीच बदलावी लागते. हा डब्याचा दोष आहे. पण तोही पाटल्यांहून स्वस्त पडतो.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. व्हॉल्व्हची ती गोडी केव्हा येते? यंत्र ताणले तेव्हा. आणि मोठे यंत्र ताणायचे म्हणजे गाव उठवायचे. ही यंत्रे एवढी मोठी का झाली, त्याला कारण होते. १९६० च्या दशकात सभागृहातले ध्वनिक्षेपक दुबळे. शेवटच्या रांगेपर्यंत गिटार पोहोचवायची तर ती यंत्राच्याच जोरावर. लंडनच्या 'द हू' या वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्यासाठी जिम मार्शल यांनी शंभर वॅटची यंत्रे बनवली ती त्याच काळात. हा टाउनशेंड आमच्या जिल्ह्याला परका नाही; अरणगावच्या मेहेरबाबांचा तो भक्त. १९७६ साली लंडनच्या चार्लटन मैदानावर त्याच्या वाद्यवृंदाचा आवाज बत्तीस मीटरवर १२६ डेसिबल भरला आणि गिनीजच्या पुस्तकात गेला. पुढे आपली श्रवणशक्ती बिघडल्याचे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले, आणि दोष मुख्यतः कानाला लावायच्या हेडफोनला दिला. दोष कोणाचाही असो, कान एकदा गेले की पतसंस्थेतून सोडवून आणता येत नाहीत.

आज परिस्थिती पालटली आहे. गिटारच्या यंत्रासमोर साउंडवाला माइक लावतो आणि आवाज त्याच्या मोठ्या कर्ण्यांतून लोकांपर्यंत जातो. ते कर्णे चालवणारी यंत्रे आज ट्रान्झिस्टरचीच असतात! म्हणजे व्हॉल्व्हचे सोवळे रंगमंचावर पाळायचे आणि पंगत मात्र ट्रान्झिस्टरच्या हातची जेवायची. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि थोड्या सणांचे दिवस सोडले तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. लहान मुलांची परीक्षा आणि म्हाताऱ्यांची झोप यांनाही काही हक्क आहेत.

'मोठे कलावंत डबा वापरत नाहीत' हाही एक समज आहे. अमेरिकेतले थोर गिटारवादक बी. बी. किंग यांचे कित्येक वर्षांचे आवडते यंत्र लॅब सिरीजचे, आणि ते ट्रान्झिस्टरचे. जपानच्या रोलंड कंपनीचे १९७५ साली निघालेले जॅझ कोरस हेही ट्रान्झिस्टरचेच. त्याच्या स्वच्छ सुरासाठी ते आजही नावाजले जाते.

आपल्याकडे असा वाद पूर्वी झालेला आहे. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर बांधलेले, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले. ते दार तीसएक वर्षे बंद होते. आक्षेप शास्त्राला धरून होता. पेटीवर खरोखरच मींड निघत नाही. परंतु तेवढ्या काळात कीर्तनकाराची पेटी थांबली नाही, भजनी मंडळाची थांबली नाही, संगीत नाटकाची तर नाहीच. लोकांनी पेटीचा दोष ओळखून तिचा गुण घेतला. आणि आमच्या बेंजो मास्तरांचे वाद्य? जपानमध्ये नागोया इथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी बनवलेल्या तायशोगोतोचा तो वंशज. त्याला वीज जोडली आणि तो आपल्या वरातींतला घरजावई झाला. त्याला कोणी कूळ विचारत बसले नाही.

माझे म्हणणे एवढेच नाही की डबा बरा. ज्याच्याकडे पैसा आहे, बंद खोली आहे आणि सवड आहे, त्याने व्हॉल्व्ह जरूर बाळगावा. मीही आजोबांचा रेडिओ मोडीत घातलेला नाही. पण तो गरीब पोराच्या दारात उंबरठा म्हणून आडवा टाकू नये. ऑर्केस्ट्राच्या मालकांना माझी विनंती आहे, की पोराला नाकारायचे तर यंत्राकडे पाठ करून, दोन गाणी ऐकून नाकारा. आणि आईबापांना सांगणे आहे, की कोणी मामा येऊन 'कलेला पैसा लागतो' म्हणू लागला तर त्याला चहा द्या, दोन चकल्या द्या, पण पाटल्या देऊ नका.

आमचे यंत्र विकायला काढले आहे. गिऱ्हाईक येतात, तांबूस दिवे पाहून हरखतात आणि वजन पाहून जातात. भाचा आता डब्यावरच वाजवतो. त्या मालकांकडे नाही, दुसऱ्यांकडे. मिळकतीतून हप्ता भरतो. भाऊबिजेला ताई ओवाळायला येईल तेव्हा तिच्या हातात काचेच्या बांगड्या असतील. ती काही बोलणार नाही. ओवाळणीच्या ताटात मी काय टाकायचे ते मी ठरवले आहे: या लेखाचे मानधन आणि त्यात माझ्या पगारातली भर. पाटल्या सुटायला तेवढ्याने पुरणार नाही. पण व्याज तरी भागेल.