विश्लेषण : परदेशी मालामुळे नोकरी गेली, पण सिद्ध कोण करणार?

अमेरिकेत कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराला किती सरकारी मदत मिळणार, हे नोकरी ‘का’ गेली यावर ठरत आले. आता ती ‘कधी’ गेली, यालाही तितकेच महत्त्व आले आहे.

योजना काय?

‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ ही योजना १९६२ मध्ये केनेडी यांच्या काळात आली. आयात खुली झाल्याचा लाभ साऱ्या देशाला आणि फटका मात्र मोजक्या गावांना, तेव्हा त्या गावांतील कामगारांना सरकारने सावरावे, हा त्यामागचा विचार. नेहमीचा बेकारी भत्ता बहुतेक राज्यांत २६ आठवडेच मिळतो. या योजनेत नव्या कामाच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि प्रशिक्षण सुरू असताना, बेकारी भत्ता धरून, १३० आठवड्यांपर्यंत आधार मिळू शके. पन्नाशी ओलांडलेल्यांना कमी पगाराची नोकरी पत्करावी लागली, तर पगारातील निम्मी तूट भरून मिळे. त्याची मर्यादा दोन वर्षांत १० हजार डॉलर.

पात्र कोण?

अर्ज एकट्याचा नव्हे, गटाचा. किमान तीन कामगार, संघटना, कंपनी किंवा राज्याचे रोजगार कार्यालय, यांपैकी कुणीही तो करू शके. मात्र नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत. तशाच मालाची आयात वाढून कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटले, उत्पादन परदेशी हलवले, किंवा अशा फटका बसलेल्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचे काम गेले, यांपैकी एक कारण कामगार खात्याला पटावे लागे. यंत्रांमुळे किंवा मंदीमुळे नोकरी गेली असेल, तर ही मदत नाही. खरी अडचण पुराव्याची. विक्रीचे आकडे कंपनीकडे आणि परदेशी माल किती घेतला याचे आकडे तिच्या ग्राहकांकडे. कामगाराच्या हाती फक्त कामावरून कमी केल्याचे पत्र. गट पात्र ठरला तरी प्रत्येकाला राज्याच्या कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागे आणि ठरावीक मुदतीत प्रशिक्षणाला नाव घालावे लागे.

सुरुवातीच्या अटी तर इतक्या कडक होत्या, की १९६९ च्या अखेरीपर्यंत एकही कामगार पात्र ठरला नाही. आयात वाढण्यामागे आयातशुल्कातील सवलतच मुख्य कारण आहे, हे दाखवावे लागे. १९७४ च्या कायद्याने ही अट सैल केली.

भारताचा संबंध काय?

या शतकाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरचे काम भारतात गेल्याने नोकरी गमावलेल्या अमेरिकी कर्मचाऱ्यांनीही अर्ज केले. कायद्यात ‘वस्तू’ बनवणारे कामगार असा उल्लेख. म्हणजे डिस्कवर भरून विकलेले सॉफ्टवेअर वस्तू, तेच इंटरनेटवरून पाठवले तर वस्तू नव्हे, अशी कामगार खात्याची भूमिका होती! प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये खात्याने ती बदलली. २००९ मध्ये सेवाक्षेत्रालाही दार उघडले. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा बंद झाले.

आज काय स्थिती?

योजनेची मुदत संपल्याने १ जुलै २०२२ पासून नव्या गटांना पात्र ठरवण्याचे काम थांबले. ३० जून २०२२ पर्यंत नोकरी गेलेल्या, आधीच पात्र ठरलेल्या गटांतील कामगारांचे लाभ तेवढे सुरू राहिले. मुदतवाढीवरून काँग्रेसमध्ये ओढाताण झाली. व्यापार करार जलद मंजूर करून घेण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकारही सोबत वाढवावा, असा रिपब्लिकनांचा आग्रह होता. मदतीला स्वतःचा मतदार थोडा आणि करारांची भूक दोन्ही पक्षांत आटलेली, म्हणून ती अडकली असे दिसते.

त्यानंतर आयातशुल्काचे युद्ध पेटले. त्यात नोकऱ्या जाण्याची वाटही वेगळी आहे. दुसऱ्या देशाने उलट शुल्क लावल्याने निर्यात बुडाली, किंवा आयात पोलाद महागल्याने कारखाना परवडेनासा झाला, तर ‘आयात वाढली’ असे म्हणता येत नाही. योजना उद्या जुन्याच अटींवर सुरू झाली, तरी असे कामगार तिच्या बाहेरच राहतील.