कोंबडीला कसला आलाय कंटाळा?

परवा रविवारी भाचा बायकोमुलासह जेवायला आला होता. मी मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या जाळीत, कोबीचा गड्डा सुतळीने टांगत होते. त्याने ते पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "आत्या, नोकरी सुटली तरी तुझी बालवाडी काही सुटत नाही! खायला मिळतं, प्यायला मिळतं, मांजराची भीती नाही. कोंबडीला अजून काय पाहिजे? तिला कसला आलाय कंटाळा?"

सगळे हसले. मीही हसले, कारण आत आमटी उतू जात होती. पण छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. चुकीच्या उत्तरावर लाल रेघ न मारता वही परत द्यायची, हे मला जमत नाही. तेव्हा बाळा, वाच. आणि बाकीच्या मंडळींनीही वाचा, कारण हा प्रश्न मला विचारणारा तू एकटा नाहीस. भिशीत विचारतात, जिन्यात विचारतात, आमचे हेसुद्धा अधूनमधून विचारतात.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलतेय ते कळेल.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्याची बातमी आली. २००६ साली नवापूरला काय झालं ते मला पक्कं आठवत होतं. भारतातल्या कोंबड्यांमधली ती पहिली साथ. लाखो पक्षी मारून पुरावे लागले होते. माझ्या सहा कोंबड्या तोवर सहकारनगरच्या आमच्या अंगणात मोकळ्या फिरायच्या. घाबरून मी त्यांना जाळीत घातलं. तेव्हा ते बरोबरच होतं, आजही तशी बातमी आली तर मी तेच करीन. जाळी दहा बाय आठ फुटांची, खाली शहाबादी फरशी, कारण धुवायला सोपी. खाद्याचं भांडं काठोकाठ. पुढे साथ ओसरली, पण जाळी काही उघडली नाही. शेजाऱ्यांना कुंड्या उकरलेल्या नको होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं झालं होतं. अंगण स्वच्छ, अंडी एकाच जागी.

दोन महिन्यांत तांबडीच्या पाठीवरची पिसं जायला लागली. मला वाटलं, उवा झाल्या असतील. कडुनिंबाचं तेल लावलं. मग वाटलं, पिसं टाकायचे दिवस असतील. एका सकाळी ती कोपऱ्यात पडलेली दिसली. शेपटीखाली नुसतं रक्त. मांजर आलं नव्हतं, मुंगूस आलं नव्हतं, जाळी शाबूत होती. तिच्या पाच सोबतिणींनी तिला टोचून टोचून मारलं होतं, आणि त्या पाचही जणी भरल्या भांड्याशेजारी गप्प उभ्या होत्या.

ज्याच्याकडून पिल्लं घेतली होती त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, चोची कापून घ्या, परत असं होणार नाही." तापल्या पात्याने चोचीचं टोक उडवायचं. मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये हे सर्रास चालतं. चोचीच्या टोकाला मज्जातंतू असतात. आपल्याला बोट तशी कोंबडीला चोच. मी नाही म्हणाले, पण लगेच नाही. दोन दिवस विचार करत होते. तेही इथे लिहून ठेवते.

त्या दोन दिवसांत मला आमची आई आठवत राहिली. पुरंदर तालुक्यातलं आमचं गाव, पावसाच्या नावाने कायमची बोंब. आई पहाटे डालं उचलायची आणि कोंबड्या ज्या उकिरड्यावर धावायच्या त्या दिवेलागणीलाच परत. दिवसभर उकर, टोच, पळ, परत उकर. कुठे वाळवी लागलेलं लाकूड सापडलं तर आई ते पिल्लांपुढे झटकायची, आणि मग जी झुंबड उडायची! १९७२ च्या दुष्काळात घरात माणसांना पुरेसं धान्य नव्हतं, तिथे कोंबड्यांना कणी कोण घालणार? पण त्या अर्धपोटी कोंबड्यांनी एकमेकींची पिसं उपटलेली मी कधी पाहिली नाहीत. आणि माझ्या पुण्यातल्या, पोटभर जेवलेल्या कोंबड्यांनी आपल्यातलीच एक खाल्ली.

आता सांग, त्यांना काय कमी होतं? अन्न? नाही. काम कमी होतं.

कोंबडी मुळात रानातली. तिचा मुख्य पूर्वज तो तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत भीमाशंकर-महाबळेश्वराकडे दिसतो तो राखी रानकोंबडा. त्याचंही थोडं रक्त तिच्यात आहे. कोंबडीचे पिवळे पाय त्याच्याकडून आले, असं २००८ साली जनुकं तपासणाऱ्यांनी दाखवलं. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स बाईंनी प्राणिसंग्रहालयातल्या तांबड्या रानकोंबड्यांचं मिनिटामिनिटाचं टिपण ठेवलं आणि १९८९ साली छापलं. त्यांना रोज खायला घातलं जात होतं, तरी दिवसाच्या निम्म्याहून जास्त मिनिटांमध्ये त्या जमीन टोचत होत्या आणि साधारण एक तृतीयांश मिनिटांमध्ये पायांनी उकरत होत्या. पोट भरलेलं असूनसुद्धा! त्याच्याही आधी, १९७२ सालीच, डंकन आणि ह्यूज यांनी आणखी गंमत पाहिली होती. समोर फुकट दाणे ठेवलेले असताना कोंबड्या कळ टोचून, म्हणजे कष्ट करून, दाणे मिळवत होत्या.

हे वाचलं तेव्हा मी उठून खाद्याचं भांडं बघून आले. दिवसभराचं पोट वीस-पंचवीस मिनिटांत भरेल असं ते भांडं. उरलेल्या अकरा-बारा तासांचं त्या चोचीने काय करायचं? फरशी उकरता येत नाही. मग समोर जे टोचण्यासारखं दिसतं ते टोचायचं, आणि समोर असते सोबतीण. आम्ही याला "कोंबड्या भांडतात" म्हणतो. भांडण वेगळं. ते मान ठरवण्यासाठी असतं आणि डोक्यावर टोचून पाच मिनिटांत संपतं. पिसं उपटणं हे भांडण नाही, ती जमीन न मिळालेली उकरणी आहे.

तेव्हा "कंटाळा" हा शब्द तुला हसण्यासारखा वाटत असेल तर सोडून दे, मी तो परत घेते. कोंबडीच्या मनात काय असतं हे मला सांगता येणार नाही. पण तिच्या पाठीवर काय दिसतं ते सांगता येतं.

आणि एक विचारू? तुझ्या फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरला दिवसातून दोनदा फिरायला नेतोस ना? त्याच्यासाठी चेंडू, रबराचं हाड, पावसाळ्यात रेनकोट. एकदा फिरवलं नाही तर सोफा फाडतो म्हणून तूच सांगत होतास. तेव्हा "बिचारा कंटाळला" म्हणालास! कुत्र्याने सोफा फाडला तर कंटाळा, आणि कोंबडीने कोंबडी फाडली तर कोंबडीची जात?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळते. सिअ‍ॅटलला बहिणीची मुलगी असते, तिच्याही परसात कोंबड्या आहेत. तिने मोठ्या प्रेमाने माझ्या कोंबड्यांसाठी छोटं झायलोफोन पाठवलं, आरसा पाठवला, एक झोका पाठवला. पोरी, राग मानू नकोस. आरशाकडे पहिल्या दिवशी सगळ्या जमल्या, चौथ्या दिवशी कोणी ढुंकून बघेना. झायलोफोन मीच वाजवते. हे सगळं आपल्या करमणुकीसाठी असतं गं, फोटो छान येतात. कोंबडीला करमणूक नकोय, उकिरडा हवाय. तो शहरात कसा द्यायचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

मी काय केलं ते सांगते. फरशी उचकटली. यांनी डोक्याला हात लावला, पण पहार यांनीच चालवली. खाली माती, त्यावर वीतभर सुका पाला. पुण्यात जानेवारी ते एप्रिल पाल्याला तोटा नाही; आमच्या गल्लीत लोक तो झाडून पेटवून द्यायचे, आता पोत्यात भरून माझ्या फाटकाशी ठेवतात. भांड्यातलं खाद्य निम्मं केलं आणि बाकीचं, बाजरी, ज्वारी, फुटका मका, सकाळ-दुपार त्या पाल्यात विखरून टाकायला लागले. एक एक दाणा शोधायला त्यांना तासन्‌तास लागतात. वर्षातून दोनदा खालचा काळा भुसभुशीत थर काढते. असलं खत विकत मिळत नाही. पावसाळ्यात मात्र वर पत्रा लागतोच. पाला ओला राहिला की बुरशी धरतो आणि ती कोंबड्यांच्या छातीत जाते. ओला वास आला की मी पाला लगेच बदलते.

एका कोपऱ्यात जुन्या टायरमध्ये कोरडी माती आणि लाकडाची राख. (राख कुठून? आमचा तांब्याचा बंब अजून चालू आहे, हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.) पिसं फुलवून, डोळे मिटून, पाय वर करून त्यात कोंबडी लोळते ते बघण्यासारखं असतं. त्याने पिसांतला जुना तेलकटपणा आणि उवा जातात. माती नसली तर त्या जाळीच्या तारेवरसुद्धा लोळायचा नुसता अभिनय करतात. ते मी स्वतः पाहिलंय आणि ते विसरता येत नाही. पेरूच्या फांद्या आडव्या बांधल्या, कमी-जास्त उंचीवर, म्हणजे जिला मार बसतो तिला वर पळता येतं. आणि तो कोबी. उडी मारून एक पान तोडायचं, की बाकीच्या मागे लागणार. कोबी नसेल तेव्हा मेथीची जुडी. गवत देते ते बारीक चिरून, लांब पात्यांचा अन्नपिशवीत गोळा होतो.

यातलं विकत घेतलेलं काय? सुतळी.

आता कोणी म्हणेल, मग पोल्ट्रीतल्या कोट्यवधी कोंबड्यांचं काय? तिथे २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी अंड्यांच्या कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा सांगितली आहे. तुमच्या प्रिंटरमधला ए-४ कागद यापेक्षा मोठा असतो. मला ते पटत नाही, युरोपने तसले साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. पण मी शाळेत उपाशी येणारी मुलंही पाहिली आहेत. राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ते अंडं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं होतं हे ठाऊक असूनही. त्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

पण आपलं काय? आपण पाच-सहा कोंबड्या पोट भरायला पाळत नाही, हौसेने पाळतो. गावरान अंडं म्हणून चार लोकांना कौतुकाने सांगतो. आणि ती गावरान कोंबडी गच्चीवर, टाकीच्या सावलीत, तीन बाय दोनच्या पिंजऱ्यात! हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे, पण पोलीस काही तुमच्या गच्चीवर येणार नाहीत. ज्याला पोतंभर पाला आणि रोजची दहा मिनिटं देता येत नाहीत, त्याने कोंबडी पाळू नये. अंडी दुकानात मिळतात. कडक वाटलं तर वाटू दे.

आज माझ्याकडे पाच आहेत. त्यातल्या दोन तेव्हाच्या, म्हाताऱ्या झाल्या, अंडं क्वचितच देतात, पण उकरायला सगळ्यांत पुढे. त्या पाचांपैकी एकीच्याही पाठीवर टक्कल नाही. कोणीही येऊन बघावं.

आणि बाळा, तुला सांगायचं राहिलं. जेवण झाल्यावर तू सोफ्यावर आडवा झालास ना, तेव्हा तुझा चिरंजीव मागे जाळीपाशी होता. मोबाइल चार्जिंगला लावून. मूठमूठ बाजरी पाल्यात लपवायची आणि कुठली कोंबडी आधी शोधते ते बघायचं, असा खेळ त्यानेच काढला. निघताना तू हाका मारत होतास आणि तो ऐकत नव्हता, त्याचं कारण ते. माझी पावशेर बाजरी संपवली त्याने. येत्या रविवारी त्याला एकट्याला पाठवलंस तरी चालेल, येताना बाजरी घेऊन यायला सांग.