सांगली-मिरजेएवढा देश!

बालदोस्तांनो,

परवा साताऱ्याहून सांगलीला एसटीनं येत होतो. कऱ्हाडपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिथं निम्मी गर्दी उतरली आणि मागच्या बाकांवरचा गलका ऐकू आला. दहा-बारा मुलं होती. गुडघ्यापर्यंत माती, मळलेले मोजे, जाळीच्या पिशवीत फुटबॉल. साताऱ्यात सामना खेळून घरी निघालेली सांगलीकडची टीम होती.

"काय रे, काय झालं सामन्याचं?" मी विचारलं.

"हरलो काका. एक-शून्य," एकानं पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं. "आणि तेही एवढ्याशा गावच्या शाळेकडून! त्यांच्या अख्ख्या शाळेत दोनशे पोरं नसतील. आमच्या एकट्या आठवीतच तेवढी आहेत."

"या गोलीमुळं हरलो," दुसरा फणकारला. "कॉर्नरला उगाच पुढं आला."

गोली कुठं होता? ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून, एकटाच. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी कुणी तिथं बसलं नव्हतं.

मग मी त्या मुलांना एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो. आधी नकाशाची वही काढा बरं! केरळच्या खाली, नैऋत्येला समुद्रात बारीक ठिपके दिसतात ना? तो मालदीव. साधारण बाराशे बेटं, त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तरी ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला सातारा जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे! आणि माणसं? २०२२ च्या तिथल्या जनगणनेत, बाहेरून कामाला आलेले लोक धरून, पाच लाखांच्या थोडी वर. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड शहरात २०११ च्या जनगणनेतच पाच लाख लोक होते. म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक देश केला, त्याचा झेंडा आणि त्याचा फुटबॉल संघ केला, तर तो साधारण मालदीवएवढा होईल!

आता हा एवढासा देश फुटबॉलमध्ये काय करतो ते ऐका.

आपल्या दक्षिण आशियातल्या शेजारी देशांची एक फुटबॉल स्पर्धा आहे. १९९३ साली ती लाहोरला सुरू झाली, तेव्हा नाव होतं सार्क गोल्ड कप. पहिल्या वेळी भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका असे चारच संघ होते, आणि भारत जिंकला. पुढं बांगलादेश, मालदीव, भूतान आले. काही वर्षं अफगाणिस्तानही होता. आता हिला 'सॅफ' स्पर्धा म्हणतात. २०२३ पर्यंत ती १४ वेळा झाली आणि त्यात तब्बल ९ वेळा भारत अजिंक्य ठरला. मग उरलेल्या पाच वेळा कोण? श्रीलंका, बांगलादेश आणि अफगाणिस्तान एकेकदा. आणि मालदीव दोनदा!

"दोनदा?" मागच्या बाकावरून आवाज आला.

होय, दोनदा. २००८ साली कोलंबोत आणि २०१८ साली ढाक्याला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर कोण होतं? आपण!

२०१८ ची हकिगत तर मोठी मजेची आहे. मालदीवच्या गटात भारत आणि श्रीलंका होते. श्रीलंकेशी मालदीवची शून्य-शून्य बरोबरी झाली. भारतानं दोघांनाही दोन-शून्य असंच हरवलं. आता पुढं जाणार कोण? गुण सारखे, खाल्लेले गोल सारखे, आणि केलेले गोलही सारखे, म्हणजे शून्य! शेवटी चक्क नाणं उडवलं. कौल मालदीवला मिळाला.

"म्हणजे नशीबच की हो काका!"

अरे, पुढं ऐक तर. नाण्यानं फक्त दार उघडलं. आत जाऊन खेळायचं होतं त्यांनाच. एकही गोल न करता उपांत्य फेरीत आलेल्या या संघानं नेपाळला तीन-शून्य हरवलं. मग अंतिम सामन्यात पुन्हा भारत. ज्या भारतानं आठवड्याच्या आत त्यांना हरवलं होतं, तोच! मालदीवनं दोन गोल केले. आपला एक गोल अगदी शेवटच्या मिनिटांत झाला. दोन-एक. चषक मालदीवचा. भारतानं त्या वेळी तेवीस वर्षांखालचा संघ उतरवला होता हे खरं, पण गटात मालदीवला हरवलं होतं तेही याच मुलांनी.

भारताची लोकसंख्या सव्वाशे कोटींच्या वर. पण मैदानात उतरतात किती? अकरा. मालदीवचे किती? अकराच! बाकीचे सगळे टाळ्या वाजवायला. तेव्हा शाळेत पोरं किती आहेत, हे मैदानावर कुणी मोजत नाही.

आणि एकटा कितीही मोठा असला तरी त्याचं काय होतं, हेही मालदीवलाच विचारा. २०१३ सालच्या स्पर्धेत त्यांच्या अली अशफाकनं एकट्यानं १० गोल केले. स्पर्धेत सर्वांत जास्त! तरी उपांत्य सामन्यात भारतानं मालदीवला एक-शून्य हरवलं. त्या दिवशी अशफाकला गोल करता आला नाही, कारण आपली बचावाची फळी आणि गोली एकजुटीनं उभे होते. एकट्यामुळं संघ जिंकत नाही. मग एकट्यामुळं हरतो कसा?

हे म्हटलं आणि मागचा गलका थांबला. मी मुद्दामच विचारलं, "कॉर्नरच्या वेळी ज्यानं गोल मारला, त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचं होतं?"

कुणी बोलेना. शेवटी मघाशी फणकारलेला मुलगा खाली बघत म्हणाला, "मी. पण मी पुढंच थांबलो होतो."

आष्टा मागं पडलं. तो उठला, पुढं गेला आणि गोलीशेजारच्या रिकाम्या जागेवर बसला. बराच वेळ दोघंही गप्प. मग म्हणाला, "उद्या सहाला येतोस का? कॉर्नरची प्रॅक्टिस करू."

"येतो," गोली म्हणाला. "पण तू मागं यायचंस."

सांगली आली आणि पोरं दप्तरं उचलून उतरली. त्या छोट्या गावच्या शाळेशी त्यांचा सामना पुन्हा कधी होईल, ठाऊक नाही. झाला तर बघायला जायचं, असं मी ठरवून टाकलं आहे.

मुलींनो, तुमच्यासाठीही एक खबर. महिलांची सॅफ स्पर्धा २०१० साली सुरू झाली. पहिल्या पाचही वेळा भारताच्या मुली जिंकल्या. पण २०२२ आणि २०२४ साली काठमांडूत बांगलादेशच्या मुलींनी चषक नेला. आता तो परत आणायचा कुणी? सातारा-सांगलीच्या शाळांमधून कुणी तयार होतंय का?

तुमच्या टीमचा असा एखादा हरलेला सामना असेल, तर मला जरूर लिहून कळवा. जिंकलेल्या सामन्याबद्दल सगळेच लिहितात!

तुमचा,
क्रीडाकाका