दोन कार्डे, वाट मात्र एकच

पहिल्यांदाच लातूरला येणारा प्रवासी कधीकधी लातूर रोडला उतरून बसतो. नावात लातूर आहे, पण हे स्टेशन चाकूर तालुक्यातले. तो तिथे, न्यायला आलेली मंडळी शहरातल्या स्टेशनवर. दोन नेटवर्क कार्डे बसवलेल्या सर्व्हरची गतही अशीच होते, फरक इतकाच की तिथे फोन करून विचारायची सोय नसते.

प्रवेशअर्ज, चलन, निकाल, पतसंस्थेचे व्यवहार सगळेच नेटवर आल्यावर एका लाईनच्या भरवशावर राहणे परवडत नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीची लाईन घ्यायची, सर्व्हरला दुसरे कार्ड लावायचे, असा रिवाज नांदेड-लातूरसारख्या शहरांत पडणे स्वाभाविकच. घोटाळा होतो तो पुढे. बसवणारा दोन्ही कार्डांवर गेटवे, म्हणजे बाहेर पडायच्या दाराचा पत्ता, भरतो, दोन्ही दिवे हिरवे दिसले की बिल देऊन मोकळा होतो.

लिनक्स सर्व्हर उत्तर धाडताना राऊटिंग टेबल बघतो. पॅकेट जायचे कुठे एवढेच ते टेबल एरवी विचारते; प्रश्न कोणत्या दाराने आला होता याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दोन गेटवे म्हणजे दोन डिफॉल्ट मार्ग; त्यांतला कमी मेट्रिकचा, म्हणजे पसंतीक्रमात वरचा, जिंकतो. मग दुसऱ्या लाईनवरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या लाईनने निघते, आणि तेही दुसऱ्या लाईनचा पत्ता कपाळावर घेऊन. पहिली कंपनी ‘हा पत्ता आमचा नाही’ म्हणून ते टाकून देऊ शकते. त्यात तिची चूक नाही. खोट्या पत्त्यांचे हल्ले रोखण्यासाठी अशी गाळणी लावावी, ही शिफारस निदान २००० सालापासूनची आहे.

खरी गंमत पहिली लाईन तुटते तेव्हा. जेसीबीने केबल उखडलेली असते गावाबाहेर. कार्यालयातला राऊटर मात्र सुरूच. सर्व्हरच्या लेखी वाट शाबूत. तो उत्तरे त्याच मेलेल्या वाटेवर ढकलत राहतो आणि ज्या दिवसासाठी दुसरी लाईन घेतली, नेमक्या त्याच दिवशी ती नुसती लुकलुकत बसते. दरमहा भाडे मात्र न चुकता!

उपाय महाग नाही. प्रत्येक लाईनचे वेगळे टेबल करायचे आणि नियम लिहायचा: अमक्या पत्त्याने निघालेले पॅकेट अमक्या टेबलाने जाईल. लिनक्समध्ये ही सोय १९९९ पासून आहे. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीसाठी लाईन जिवंत आहे का हे तपासून मार्ग बदलणारी छोटी स्क्रिप्ट हवी. आणि दुसरे कार्ड फक्त नांदेडहून लातूरच्या शाखेशी जोडण्यापुरते असेल, तर त्यावर गेटवे भरूच नये. त्या शाखेच्या नेटवर्कपुरता एक स्थिर मार्ग पुरतो.

म्हणून खरेदीच्या कागदावर ‘दोन लाईन, दोन कार्डे’ एवढेच लिहिणाऱ्या संस्थांनी आणखी दोन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, केबल कुठून येते त्याचा नकाशा. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातले नेट रखडले. दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळ्या वाटा नव्हेत. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या महामार्गाच्या कडेला दोन कंपन्यांच्या तारा एकाच चरात असतील, तर एकच खोदकाम दोघींना पुरते.

दुसरी मागणी, चाचणी. एखाद्या रविवारी पहिल्या लाईनची तार कार्डातून नव्हे, राऊटरच्या पलीकडून काढायची आणि बाहेर उभे राहून मोबाईलवर संकेतस्थळ उघडायचे. मग सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा आणि तेच पुन्हा करायचे. कारण हाताने दिलेली राऊटिंगची आज्ञा फाईलीत नोंदवली नसेल, तर पुढच्या भारनियमनात यूपीएसने दम तोडताच ती पुसली जाते, आणि बसवणारा तोवर दुसऱ्या गावी पोहोचलेला असतो.